पिकअप ट्रकचे वजनमापन

चालकाच्या कक्षामागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू मोटारगाडीला पिकअप ट्रक म्हणतात. अशा गाडीची मूळ बांधणी झाल्यानंतर तीत काही भाग घातले, काढले वा बदलले म्हणजे कारखान्याने जाहीर केलेले तिचे वजन खरे राहत नाही. बदललेल्या गाडीचे एकूण वजन किती, ते पुढच्या व मागच्या आसांवर कसे विभागले गेले आहे आणि अनुज्ञेय वजनापैकी किती भार वाहण्यास ती अद्याप समर्थ आहे, या तीन गोष्टी प्रत्यक्ष तोलूनच ठरवाव्या लागतात. या तोलण्याच्या पद्धतीचा, तीत येणाऱ्या त्रुटींचा आणि तिच्या निष्कर्षांच्या उपयोगाचा विचार येथे केला आहे.

पिकअप ट्रकचे माहेरघर अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे होय. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ या मोटारगाडीवर कारखान्यातच हौदा बसवून ती विक्रीस आणली. त्यापूर्वी असे हौदे स्थानिक कारागीर बसवून देत. पुढे शेती, बांधकाम व कारागिरी यांच्या कामाबरोबरच कौटुंबिक प्रवास आणि रानावनातील भ्रमंती यांसाठीही ही गाडी वापरात आली व तीत निरनिराळे फेरबदल करण्याची प्रथा तेथे रूढ झाली. पोलादी बंपर, ओढकामाचे विंच, हौद्यावरील टप, अवजारांचे खण, मोठी चाके, उंच केलेल्या स्प्रिंगा, जादा इंधनटाकी, छतावरील तंबू हे त्यांतील नेहमीचे फेरबदल होत. भारतातही भाजीपाला, दूध, कोंबड्या इत्यादींच्या वाहतुकीसाठी हौद्याच्या बाजू उंच करणे, चालककक्षावर सामानाची जाळी बसविणे आणि मागील स्प्रिंगेत जादा पाटे घालणे हे प्रकार आढळतात. यांतील प्रत्येक भाग एकेकटा हलका वाटतो. परंतु त्यांची बेरीज गाडीच्या भारक्षमतेचा मोठा हिस्सा गिळून टाकते आणि चालकाला त्याची जाणीव बहुधा नसते.

वजनविषयक संज्ञा : गाडीच्या वजनासंबंधी बोलताना पुढील संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक असते. (१) रिकामे वजन : माल व माणसे यांवाचून सज्ज गाडीचे वजन. अमेरिकेतील व्याख्येनुसार यात इंधनाची पूर्ण भरलेली टाकी, तेल व शीतक द्रव यांचा समावेश होतो, चालकाचा होत नाही. यूरोपीय संघाच्या नियमांत मात्र चालकाचे ७५ किग्रॅ. धरतात व टाकी ९० टक्के भरलेली मानतात. त्यामुळे एकाच गाडीचे ‘रिकामे वजन’ दोन पत्रकांत सु. ७० किग्रॅ.नी वेगळे आढळू शकते. (२) अनुज्ञेय एकूण वजन : गाडी, माल व माणसे मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल यासंबंधी निर्मात्याने ठरवून दिलेली मर्यादा. (३) अनुज्ञेय आसभार : पुढच्या व मागच्या आसांसाठी स्वतंत्रपणे ठरविलेली मर्यादा. आसाची सर्व साखळी, म्हणजे टायर, चाकाचे कडे, बेअरिंग, स्प्रिंग व आस, यांतील सर्वांत कमजोर घटकाच्या बळावर ही मर्यादा अवलंबून असते. दोन्ही आसांच्या मर्यादांची बेरीज एकूण मर्यादेहून सामान्यतः जास्त असते, कारण भाराची जागा थोडीफार बदलली तरी चालावे यासाठी वाव ठेवलेला असतो. (४) भारक्षमता : अनुज्ञेय एकूण वजनातून त्या विशिष्ट गाडीचे रिकामे वजन वजा करून उरणारा आकडा. चालक व प्रवासी यांचे वजन या आकड्यातूनच जाते.

यांपैकी दुसरी व तिसरी संज्ञा म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादा होत. त्या तोलून मिळत नाहीत आणि मालकाने जादा पाटे वा जाड स्प्रिंगा बसविल्या म्हणून आपोआप वाढतही नाहीत. स्प्रिंग कडक केल्याने गाडीची मागची बाजू खाली बसत नाही, एवढेच. ब्रेक, बेअरिंग, आस व सांगाडा पूर्वीचेच राहतात. किंबहुना गाडी भाराने झुकलेली दिसत नाही म्हणून तीत अधिक भार घालण्याचा मोह होतो. अतिभाराची दिसणारी खूण अशा प्रकारे पुसली गेल्यावर तोलणे हाच एक विश्वसनीय पुरावा उरतो.

अंदाजाच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा : मूळ पत्रकातील वजनात बसविलेल्या भागांची वजने मिळवून नवे वजन काढण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तीत तीन दोष असतात. पत्रकातील आकडा बहुधा त्या गाडीच्या साध्यात साध्या प्रकाराचा असतो. मोठे एंजिन, चारही चाकांना शक्ती देणारी रचना किंवा चार दारांचा कक्ष यांमुळे प्रत्यक्ष गाडी मुळातच त्याहून जड असते. दुसरे, काढून टाकलेल्या भागांचे वजन वजा करण्याचे राहून जाते. तिसरे, खिळे, पट्ट्या, तारा, लाकडी फळ्या, खणांतील अवजारे अशा किरकोळ वस्तू हिशेबात धरल्याच जात नाहीत. टायरचा जमिनीला टेकलेला भाग मोजून त्यास हवेच्या दाबाने गुणण्याची युक्तीही काही जण सुचवितात. परंतु टायरच्या भिंती स्वतःच काही भार पेलतात व टेकलेल्या भागातील खाचांमुळे खरे क्षेत्रफळ कळत नाही, त्यामुळे हे उत्तर अगदी ढोबळ असते. काही नव्या पिकअप गाड्यांत स्प्रिंगांच्या दबण्यावरून भाराचा अंदाज दाखविणारी व्यवस्था असते. मूळ स्प्रिंगा बदलल्यावर तिच्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

वजनकाटे : गाडीसकट माल तोलण्याची गरज रस्त्यावरील जकातीमुळे निर्माण झाली. इंग्लंडमधील जॉन वायट यांनी १७४० च्या दशकात संयुक्त तरफांवर आधारलेला काटा बनविला. फलाटाच्या कोणत्याही भागावर भार ठेवला तरी वाचन सारखेच यावे, अशी त्याची रचना होती. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातील सेंट जॉन्झबरी येथे थॅडिअस फेअरबँक्स यांनी १८३१ च्या सुमारास फलाट-काट्याचे एकस्व मिळविले. जमिनीच्या पातळीत बसविलेल्या अशा काट्याला मराठीत भुईकाटा म्हणतात. १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे विद्युत् रोधावर आधारलेला विकृतिमापक शोधून काढला आणि त्यातून लोड सेल हा भारमापक घटक पुढे आला. पोलादाच्या ठोकळ्यावर भार पडला की तो सूक्ष्म प्रमाणात दबतो वा वाकतो. त्याला चिकटविलेल्या बारीक तारेचा अथवा पत्र्याचा विद्युत् रोध त्यामुळे बदलतो आणि हा बदल व्हीट्स्टन सेतूच्या साहाय्याने मोजून वजनाच्या आकड्यांत दाखविला जातो. हल्लीचे बहुतेक भुईकाटे या तत्त्वावर चालतात.

पिकअप ट्रक तोलण्यासाठी तीन प्रकारची साधने उपयोगी पडतात. पहिले साधन म्हणजे संपूर्ण गाडी मावेल असा एकच फलाट असलेला काटा. भंगार, खडी, धान्य व कचरा यांच्या व्यवहाराच्या ठिकाणी असे काटे असतात. महाराष्ट्रात साखर कारखाने, बाजार समित्या व औद्योगिक वसाहती येथे ते आढळतात. दुसरे साधन म्हणजे एकापाठोपाठ एक असे अनेक स्वतंत्र फलाट असलेला काटा. आयोवा राज्यातील वॉलकॉट येथे १९७७ साली स्थापन झालेल्या ‘कॅट स्केल’ या संस्थेने अमेरिकेतील महामार्गांवरच्या ट्रकथांब्यांवर असे काटे बसविले असून त्यांवर एकाच वेळी पुढचा आस, मागचा आस व मागे जोडलेला ट्रेलर यांचे वेगवेगळे भार छापून मिळतात. तिसरे साधन म्हणजे प्रत्येक चाकाखाली ठेवावयाचे चार सुटे तबक-काटे. शर्यतीच्या मोटारी सिद्ध करणारे तंत्रज्ञ हे वापरतात. पुढचा-मागचा व डावा-उजवा असा दोन्ही प्रकारचा असमतोल त्यांवरून कळतो. टोल नाक्यांवर चालत्या गाडीचे वजन दाखविणारी यंत्रे असतात. पण ती अतिभारित वाहने हेरण्यासाठी असून चाकांच्या उसळीमुळे त्यांची अचूकता येथे अभिप्रेत असलेल्या कामास पुरत नाही.

तोलण्यापूर्वीची तयारी : वजन कोणत्या स्थितीत घेतले हे सांगितल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नसतो. म्हणून गाडी धुऊन चिखल काढावा, हौद्यातील माल व पाणी काढून टाकावे आणि इंधनाची टाकी पूर्ण भरावी. अर्धवट भरलेल्या टाकीचे इंधन नेमके किती ते काटा सांगत नाही, मात्र पूर्ण भरलेली टाकी ही पुन्हा साधता येण्याजोगी स्थिती असते. पेट्रोलचे वजन लिटरला सु. ०.७४ किग्रॅ. व डीझेलचे सु. ०.८३ किग्रॅ. असते. त्यामुळे १०० लिटरच्या टाकीमुळे ७० ते ८५ किग्रॅ.चा फरक पडतो. अडीच चौ. मी.च्या हौद्यात एक सेंमी. उंचीचे पाणी साचले, तरी २५ किग्रॅ. वजन वाढते. स्टेपनी, जॅक व नेहमी गाडीत राहणारी अवजारे जागच्या जागी ठेवावीत, कारण ती वापरात गाडीबरोबरच असतात. टायरांतील हवा नेमून दिलेल्या दाबाइतकी असावी.

तोलण्याची पद्धत : काट्यावर प्रथम काही नसताना वाचन शून्य आहे याची खात्री करून घ्यावी. गाडी सावकाश फलाटावर आणून मध्यभागी उभी करावी, चालकाने खाली उतरावे, एंजिन बंद ठेवावे, गिअर मोकळा करून ब्रेक सोडावा. समतल फलाटावर गाडी घसरत नसल्याने हे शक्य असते. आवश्यक तेथे चाकाला पाचर लावून ती तोलल्यावर वजनातून वजा करावी. ब्रेक आवळलेले असले म्हणजे गाडी थांबताना स्प्रिंगा व टायर यांत अडकलेला ताण मोकळा होत नाही. अनेक फलाटांच्या काट्यावर अशा ताणामुळे एका फलाटाचे वाचन वाढते व दुसऱ्याचे घटते. गाडी थोडी मागे-पुढे ढकलून स्थिरावू दिल्यास हा दोष बराच कमी होतो. अशा प्रकारे सर्व चाके फलाटावर असताना मिळालेले वजन हेच एकूण वजन मानावे.

एकाच फलाटाच्या काट्यावर आसभार काढण्यासाठी केवळ पुढची चाके फलाटावर ठेवून एक वाचन व केवळ मागची चाके ठेवून दुसरे वाचन घेतात. या दोहोंची बेरीज एकूण वजनाशी ताडून पाहणे ही या पद्धतीतील महत्त्वाची कसोटी होय. बेरीज जुळली नाही, तर काट्याबाहेरील जमीन फलाटाच्या पातळीत नाही किंवा ब्रेकचा ताण राहिला आहे, असे समजावे. आसभारांच्या बेरजेवरून एकूण वजन ठरविणे मात्र टाळावे. अमेरिकेतील मापनविषयक नियमांतही व्यापारी व्यवहारासाठी वाहन एकाच वेळी संपूर्ण तोलले पाहिजे, असे बंधन आहे. सर्व क्रिया गाडी विरुद्ध दिशेने फलाटावर आणून पुन्हा केल्यास जमिनीच्या उताराचा परिणाम उघडकीस येतो व सरासरी घेऊन तो कमी करता येतो.

त्रुटी व अचूकता : काट्याच्या दर्शकावरील सर्व अंक सारखेच विश्वसनीय नसतात. वाहनांच्या काट्याचे लघुतम माप भारतात सामान्यतः ५ वा १० किग्रॅ. आणि अमेरिकेत २० पौंड (सु. ९ किग्रॅ.) असते. भारतासह अनेक देशांनी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार या वर्गाच्या काट्याला पडताळणीच्या वेळी लघुतम मापाच्या ५०० पटींपर्यंतच्या भारासाठी अर्ध्या लघुतम मापाइतकी, तर प्रत्यक्ष वापरात त्याच्या दुप्पट चूक माफ असते. म्हणजे १० किग्रॅ. लघुतम मापाच्या काट्यावर अडीच टनांच्या गाडीचे वजन वापरात सु. १० किग्रॅ.च्या मर्यादेत बरोबर असते. गाडीची भारक्षमता ठरविण्यास एवढी अचूकता पुरेशी आहे. परंतु याच काट्यावर विंच बसविण्यापूर्वी व नंतर गाडी तोलून ४० किग्रॅ.च्या विंचचे वजन काढू गेल्यास केवळ आकडे पूर्णांकित होण्यामुळेच १० किग्रॅ.पर्यंत, म्हणजे चतुर्थांश, चूक संभवते. सुटे भाग बसविण्यापूर्वीच लहान काट्यावर तोलावेत आणि भुईकाट्यावर केवळ संपूर्ण गाडी तोलावी, हा नियम यावरून निघतो.

उताराची त्रुटी आसभारांत येते. तिचे परिमाण गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची व उतार यांच्या गुणाकारास दोन आसांमधील अंतराने भागून मिळते. २,५०० किग्रॅ. वजन, ०.७५ मी. उंचीवरील गुरुत्वमध्य, ३.२ मी. आसांतर व २ टक्के उतार असल्यास एका आसावरून दुसऱ्या आसावर सु. १२ किग्रॅ. भार सरकल्यासारखा दिसतो. स्प्रिंगा व चाके वाढवून उंच केलेल्या गाडीत ही त्रुटी त्या प्रमाणात वाढते. सुट्या तबक-काट्यांच्या बाबतीत चारही तबके एका पातळीत असणे यासाठी अत्यावश्यक असते. लोड सेल वस्तुतः बल मोजत असल्याने गुरुत्वीय प्रवेगाचाही संबंध येतो. विषुववृत्त व ध्रुव यांमध्ये तो सु. अर्धा टक्का बदलतो. जागच्या जागी प्रमाण वजनांनी जुळविलेल्या भुईकाट्यात हा दोष उरत नाही. दूरदेशी नेलेला सुटा काटा मात्र तेथे पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

आसांवरील विभागणी : वाढलेले वजन कोणत्या आसावर पडते, हे त्याच्या जागेवर अवलंबून असते. आसांतराच्या बाहेर ठेवलेला भार जवळच्या आसावर स्वतःच्या वजनापेक्षाही अधिक दाब देतो व दूरचा आस उचलतो, हे परिबलांच्या नियमावरून सहज कळते. समजा, एका गाडीचे आसांतर ३.२ मी., मूळ रिकामे वजन २,०५० किग्रॅ. (पुढे १,१७०, मागे ८८०), अनुज्ञेय एकूण वजन २,९५० किग्रॅ. आणि अनुज्ञेय आसभार पुढे १,४०० व मागे १,७५० किग्रॅ. आहेत. पुढच्या आसाच्या ०.९ मी. पुढे १०० किग्रॅ.चे बंपर व विंच बसविल्यास पुढचा भार १२८ किग्रॅ.नी वाढतो व मागचा २८ किग्रॅ.नी घटतो. मागच्या आसाच्या ०.३ मी. अलीकडे मध्य येईल असा २९० किग्रॅ.चा टप, खण व तंबू यांनी पुढे २७ व मागे २६३ किग्रॅ.ची भर पडते. मोठ्या चाकांमुळे प्रत्येक आसावर २४ किग्रॅ. वाढतात. आता रिकामी गाडी २,४८८ किग्रॅ. (पुढे १,३४९, मागे १,१३९) भरते. मूळची ९०० किग्रॅ.ची भारक्षमता ४६२ किग्रॅ.वर आली.

या गाडीत प्रत्येकी ७५ किग्रॅ.ची चार माणसे बसली व त्यांतील दोन पुढच्या आसामागे १.५ मी.वर आणि दोन २.३ मी.वर आहेत असे धरले, तर एकूण वजन २,७८८ किग्रॅ. होते. ते मर्यादेपेक्षा १६२ किग्रॅ.नी कमी आहे. तथापि पुढच्या आसावर १,४७१ किग्रॅ. भार येतो, म्हणजे त्याची मर्यादा ७१ किग्रॅ.नी ओलांडली जाते. हौद्यात मागच्या आसाच्या ०.५ मी. मागे १२० किग्रॅ. सामान ठेवले, तरी पुढचा भार १,४५२ किग्रॅ.पर्यंतच उतरतो. आता या गाडीला ट्रेलर जोडून त्याच्या दांड्याचे २०० किग्रॅ. वजन मागच्या आसाच्या १.२ मी. मागे टेकले, तर पुढे १,३७७ व मागे १,७३१ किग्रॅ. भार होतो. दोन्ही आस मर्यादेत आले. पण गाडीचे एकूण वजन ३,१०८ किग्रॅ. झाल्याने ती मर्यादा १५८ किग्रॅ.नी ओलांडली गेली. केवळ एकूण वजन पाहणाऱ्यास पहिला दोष दिसणार नाही व केवळ आसभार पाहणाऱ्यास दुसरा. म्हणून रिकामी गाडी एकदा तोलून न थांबता, प्रवासास निघताना असतो त्या सर्व भारासह व ट्रेलरसह ती पुन्हा तोलणे इष्ट असते.

मर्यादा ओलांडण्याचे परिणाम हळूहळू व लपून घडतात. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि ती सर्व ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते, त्यामुळे लांब उतारावर ब्रेक निकामी होण्याचा धोका वाढतो. पुढचा आस हलका झाल्यास वळण घेताना चाकांची पकड सुटते. टायरावर छापलेला भारांक त्याची मर्यादा दर्शवितो. उदा., १०० हा भारांक ८०० किग्रॅ. व ११० हा १,०६० किग्रॅ. दाखवितो. मोटारगाडीसाठी बनविलेला टायर पिकअपला बसविल्यास त्याच्या भारक्षमतेस १.१० ने भागावे, असा अमेरिकेत नियम आहे. चाके बदलणाऱ्याने प्रत्यक्ष आसभाराच्या निम्म्या आकड्याशी हा भारांक ताडून पाहिला पाहिजे. डावी-उजवी विभागणी असमान असल्यास जड बाजूचा आकडा धरावा.

गुरुत्वमध्याची उंची : वजन तेवढेच राहूनही ते उंचावर गेल्यास गाडी उलटण्याची शक्यता वाढते. ही उंचीही तोलूनच काढता येते. स्प्रिंगा हलणार नाहीत अशा जखडून गाडीचा एक आस उचलतात व दुसऱ्या आसावरील भारातील वाढ मोजतात. ही वाढ व आसांतर यांच्या गुणाकारास एकूण वजन व तिरपेपणाच्या कोनाची स्पर्शज्या यांच्या गुणाकाराने भागून येणाऱ्या संख्येत चाकाची त्रिज्या मिळविली म्हणजे गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची मिळते. वरील उदाहरणातील २,४८८ किग्रॅ.च्या गाडीचा पुढचा आस ०.८ मी. उचलल्यावर मागचा भार ८० किग्रॅ.नी वाढला व चाकाची त्रिज्या ०.४ मी. असली, तर ही उंची सु. ०.८ मी. येते. डाव्या-उजव्या चाकांतील अंतराच्या निमपटीस या उंचीने भागून येणारा गुणोत्तरांक अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन गाडीच्या उलटण्याच्या संभाव्यतेचे अनुमान करण्यासाठी वापरते. १.६ मी. अंतराच्या गाडीत उंची ०.७५ वरून ०.८० मी. झाली, तर हा अंक १.०७ वरून १.०० वर येतो. गाडी उचलून धरण्याचे हे काम धोक्याचे असल्याने सुसज्ज कर्मशाळेतच करावे.

कायदेशीर बाजू : अमेरिकेत टायरांच्या विघटनामुळे झालेल्या अपघातमालिकेनंतर २००० साली ‘ट्रेड’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला व त्यानुसार भारविषयक पाटीचे नियम कडक करण्यात आले. ४,५३६ किग्रॅ. (१०,००० पौंड) पर्यंत अनुज्ञेय वजन असलेल्या गाडीत माणसे व सामान मिळून किती वजन चालेल, हे चालकाच्या दाराजवळच्या पाटीवर द्यावे लागते. पहिल्या विक्रीपूर्वी गाडीत अनुज्ञेय एकूण वजनाच्या १.५ टक्का किंवा ४५.४ किग्रॅ. (१०० पौंड), यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक वजन वाढविल्यास पाटीवरील आकडा दुरुस्त करणे विक्रेत्यावर बंधनकारक असते. विक्रीनंतर मालकाने केलेल्या फेरबदलांना ही दुरुस्ती लागू नाही. म्हणून जुन्या पाटीवरील आकडा बदललेल्या गाडीत खोटा ठरतो. कॅलिफोर्निया राज्यात मालवाहू गाडीची नोंदणी-फी रिकाम्या वजनाशी निगडित असून त्यासाठी परवानाधारक तोलदाराचा दाखला घेतात. तेथील कायद्यात ‘पिकअप’ म्हणून गणली जाण्यासाठी गाडीचे रिकामे वजन ८,००१ पौंडांपेक्षा (सु. ३,६२९ किग्रॅ.) कमी असावे लागते. साहजिकच जड फेरबदलांनी गाडीचा कायद्यातील वर्गच बदलू शकतो.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये रिकाम्या वजनात गाडी कामावर असताना तिच्यासोबत नेहमी वापरण्यात येणारी सर्व साधने धरतात, चालक व परिचर यांचे वजन धरीत नाहीत; आणि आलटून-पालटून बसविण्याचे भाग असल्यास त्यांतील सर्वांत जड भागासह असलेले वजन खरे मानतात. नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा फेरबदल करण्यास कलम ५२ ने मनाई आहे व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा कडक अर्थ लावला. कलम ११४ नुसार अधिकृत अधिकारी संशयित वाहन काट्यावर नेऊन तोलण्यास भाग पाडू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिभाराबद्दल २०,००० रु. व प्रत्येक जादा टनामागे २,००० रु. दंडाची तरतूद आहे. काट्यांवर वैध मापन अधिनियम, २००९ चे नियंत्रण असून भुईकाट्याची फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते. वजन करण्यापूर्वी काट्याच्या चालू पडताळणीचा दाखला पाहणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

नोंद : वजनाच्या चिठ्ठीवर दिनांक, काट्याचे ठिकाण व लघुतम माप, इंधनाची पातळी, गाडीत असलेली माणसे व साधने, एकूण वजन आणि दोन्ही आसभार यांची नोंद करून ती गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवतात. प्रत्येक मोठ्या फेरबदलानंतर नवी चिठ्ठी घेतल्यास भारक्षमता कोठे खर्च झाली हे क्रमाने कळते व कोणता भाग उतरवावा, पुढे-मागे सरकवावा की मुळीच बसवू नये याचा निर्णय आकड्यांच्या आधारे करता येतो.